डाव्या खांद्यावरून उतरणारा वार चटईत का अडकतो? (तामेशिगिरी)

गिफूकर

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त मी सहा वर्षांपासून जपानमधील गिफू प्रांतात राहतो आणि त्यांपैकी चार वर्षे इआइदो, म्हणजे म्यानातून तलवार काढून वार करण्याची जपानी कला, शिकतो आहे. अखिल जपान केंदो महासंघाच्या बाराही काता, म्हणजे हालचालींचे ठरावीक क्रम, मी आजवर इआइतोने, म्हणजे जस्त आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या बोथट तलवारीने, हवेत वार करूनच शिकलो. मागच्या शरद ऋतूत सेन्सेईंनी (गुरुजींनी) धारदार तलवार, शिनकेन, हाती घेण्याची परवानगी दिली आणि तेव्हापासून महिन्यातून एकदा तामेशिगिरीचा, खुंट्यावर उभ्या केलेल्या भिजवलेल्या चटईच्या गुंडाळीवर वार करण्याचा, सराव सुरू झाला. हवेतल्या चार वर्षांत जे कोणाला दिसले नव्हते ते चटईने पहिल्याच दिवशी दाखवून दिले.

माझ्या उजव्या खांद्यावरून डावीकडे खाली येणारा तिरपा वार बरा जमतो. काप सपाट असतो आणि वरचा तुकडा जागच्या जागी घसरून पडतो. डाव्या खांद्यावरून उजवीकडे येणारा वार मात्र दहापैकी सात वेळा फसतो. पाते दोन तृतीयांश चटई कापून अडकते, किंवा तुकडा तुटला तरी खुंट्यावर उरलेल्या भागाचा काप डावाने दही काढल्यावर भांड्यात राहणाऱ्या खळग्यासारखा खोलगट असतो. मागच्या खेपेस तर गुंडाळी खुंट्यासकट आडवी झाली आणि पात्याला किंचित बाकही आला, तो सेन्सेईंनी पाहून दुरुस्तीला पाठवायला सांगितले.

उजवा हात फार जोर लावतो, असे सेन्सेईंचे निदान आहे. तीन महिने मी उजवा हात सैल ठेवण्याचा प्रयत्न करतो आहे, पण कापात काडीचाही फरक पडलेला नाही. वर्गात वीस जण असल्यामुळे एकेकाच्या वाट्याला पाच-सहाच वार येतात आणि तेवढ्यात प्रयोग करायला वाव मिळत नाही. येथे कोणी जाणकार असतील तर त्यांनी मार्गदर्शन करावे.

विळीवाली

मला तलवारीतले काही कळत नाही, परंतु धार कमी झाली असेल ही शक्यता आधी तपासली का? पिकलेल्या टोमॅटोवर बोथट सुरी दाबली की साल चेपते आणि आतला गर बाहेर येतो, तसेच काहीसे वाटले.

गिफूकर

शंका योग्य आहे, पण तीच तलवार त्याच दिवशी, त्याच चटईवर उजव्या बाजूने व्यवस्थित कापते. त्यामुळे धारेला दोष देता येणार नाही.

जुनी_वही

मी तोक्योत अठरा वर्षे तोयामा-र्यू ही तलवारीची शैली शिकलो आणि आता पुण्यात परत आलो आहे. तोयामा-र्यूचा उगम १९२५ साली तोक्योतील तोयामा लष्करी शाळेत झाला. सैनिकाला गुडघे टेकून तलवार काढण्याची सवड नसते, म्हणून तेथे उभ्यानेच करायच्या काता बसवल्या गेल्या आणि प्रत्यक्ष कापण्याला पहिल्यापासून महत्त्व दिले गेले. या परंपरेतले नाकामुरा ताइझाबुरो (१९१२–२००३) यांनी पुढे स्वतःची शाखा काढली आणि ‘एइ’ या एका अक्षरातल्या कुंचल्याच्या आठ फटकाऱ्यांवरून आठ दिशांच्या वारांची मांडणी केली. हे सांगण्याचे कारण एवढेच की आमच्याकडे चटई ही परीक्षा नसून पाटी आहे. तुम्ही काय लिहिले ते तिच्यावर उरते आणि ते वाचायला शिकावे लागते.

तुम्ही ‘खोलगट’ हा शब्द वापरलात, तो फार उपयोगी आहे. पात्याचे प्रतल आणि वाराची वाट हे दोन्ही एकाच कोनात असणे याला हासुजी म्हणतात. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळले तर काप आरशासारखा सपाट येतो. वार पंचेचाळीस अंशांत सुरू होऊन पुढे पसरट, म्हणजे आडवा होत गेला, तर खाली उरलेल्या खुंटाच्या कापाला खळगा पडतो. उलट वार शेवटी अधिक उभा झाला तर तोच काप फुगीर दिसतो. तुमच्याकडे खळगा आहे, म्हणजे चटईत शिरल्यावर पाते आडवे वळते आहे. वळणारे पाते स्वतःच कापलेल्या फटीच्या दोन्ही भिंतींना घासते, ते घर्षण धारेची सगळी गती खाऊन टाकते आणि तलवार अडकते. पात्याला बाकही तेव्हाच येतो, कारण जोर धारेच्या दिशेने न जाता पात्याच्या अंगावर येतो.

आता ते का वळते, हा खरा प्रश्न. उजव्या हाताचा जोर हे एक कारण असू शकते, पण त्यावर मी लगेच शिक्कामोर्तब करणार नाही. मला तीन गोष्टी सांगा. चटई कशी भिजवता आणि किती घट्ट गुंडाळता? फसलेल्या वारानंतर पात्यावर ओला पट्टा कोठून कोठपर्यंत दिसतो? आणि वाराच्या क्षणी कोणता पाय पुढे असतो?

तालमीतला

आम्ही कोल्हापूरकडचे, मर्दानी खेळातले. दांडपट्ट्यात मनगट मुठीच्या लोखंडी खोबळ्यात बंद असल्यामुळे ते वळायला जागाच नसते. वार कोपर, खांदा आणि पायांच्या पवित्र्यातून येतो. जमिनीवर ठेवलेले लिंबू कापताना शिकाऊ पोराचे चुकते ते हातामुळे नव्हे, तर पवित्रा उलटा पडल्यामुळे, असा आमचा अनुभव आहे. दोन्ही शस्त्रे वेगळी आहेत हे मान्य, पण जुनी_वही यांचा तिसरा प्रश्न मला नेमका वाटतो.

काटकोन

पात्याचा आवाज कसा येतो? माझ्या समजुतीप्रमाणे हासुजी बरोबर असेल तर सळ्ळ असा स्वच्छ आवाज येतो आणि नसेल तर येत नाही. मग एवढी चिकित्सा कशाला?

जुनी_वही

आवाजावर थोडा भरवसा ठेवावा, पण सगळा ठेवू नये. तो आवाज पात्यावरच्या लांब पन्हळीमुळे येतो. पन्हळ नसलेले पाते उत्तम वारातही जवळजवळ मुके असते. शिवाय आवाज कोठे येतो ते ऐकावे लागते. पुष्कळांचा आवाज डोक्याच्या मागे किंवा खांद्याशीच सर्वांत मोठा असतो, कारण ते तेथेच सगळा जोर संपवतात, आणि चटईपाशी पोहोचेपर्यंत गती उतरलेली असते. सर्वांत स्वच्छ आवाज चटई जेथे असेल तेथे यायला हवा. आणखी असे की हवेत पाते वळत नाही, ते चटईत शिरल्यावर वळते. त्यामुळे धागाकर्त्यांच्या हवेतल्या वाराचा आवाज दोन्ही बाजूंनी सारखाच येत असावा, असा माझा अंदाज आहे.

गिफूकर

अंदाज बरोबर आहे. आवाज दोन्हीकडे सारखा येतो, आणि म्हणूनच मी इतके महिने गाफील राहिलो.

आता तीन उत्तरे. चटया आम्हाला जवळच्या तातामीवाल्याकडून मिळतात. लोक घरातल्या तातामीचा, म्हणजे जमिनीवरच्या जाड गवती बैठकीचा, वरचा थर बदलून घेतात, तेव्हा निघालेला जुना थर तो आम्हाला देतो. साधारण नव्वद सेंटिमीटर रुंद आणि एकशे ऐंशी लांब अशी ही इगुसा गवताची चटई असते. तिच्या कडेची कापडी किनार आम्ही काढून टाकतो, घट्ट गुंडाळून चार ठिकाणी रबर लावतो आणि रात्रभर पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतो. सकाळी ती उभी करून तासभर निथळवतो.

पात्यावरचा पट्टा मी या रविवारी मुद्दाम पाहिला. उजव्या बाजूच्या वारात तो टोकापासून साधारण चार बोटांवर सुरू होऊन वीतभर जातो. डाव्या बाजूच्या फसलेल्या वारात तो पात्याच्या जवळजवळ मध्यापर्यंत पसरलेला आणि तिरपा ओढलेला दिसला.

पायाचे विचाराल तर दोन्ही बाजूंना उजवाच पुढे असतो. इआइदोत वरून खाली येणारा मुख्य वार बहुतेक वेळा उजवा पाय पुढे टाकूनच करतात, त्यामुळे वेगळा विचार करावा असे कधी मनातही आले नाही.

जुनी_वही

मग उत्तर बहुधा तुमच्याच तिसऱ्या उत्तरात, पायाच्या, आहे. आधी पहिल्या दोन गोष्टी थोडक्यात आटोपतो.

चटई रात्रभर भिजवणे काही वेळा कमी पडते. गुंडाळी घट्ट असेल तर गाभा कोरडा राहतो आणि कोरडा गाभा पात्याला खाटकन थांबवतो. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत ती पाण्यात राहू द्यावी. जुन्या चटईत पिन, खिळा किंवा वाळूचा खडा राहिलेला नाही ना, हे गुंडाळण्यापूर्वी उजेडात हात फिरवून पाहावे. माझ्या एका तलवारीच्या धारेला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा उडालेला आहे, तो अशाच एका पिनेमुळे. पण तुमची चटई एका बाजूने नीट कापली जाते, तेव्हा मूळ दोष येथे नाही.

पात्यावरचा पट्टा अधिक बोलका आहे. टोकाकडचा जो भाग कापण्यासाठी असतो त्याला मोनोउची म्हणतात आणि उजवीकडे तुम्ही त्यानेच कापता आहात. डावीकडे पट्टा मध्यापर्यंत गेला आहे, म्हणजे पाते अडकल्यावर तुम्ही नकळत पुढे झुकून ते ढकलता किंवा ओढता आहात. हा परिणाम आहे, कारण नव्हे.

कारण पायात आहे. एका जागी उभे राहून मनातल्या मनात वार करून पाहा. उजव्या खांद्यावरून निघालेले पाते डावीकडे खाली येते. उजवा पाय पुढे असेल तर तेथे कोणताच अवयव नसतो, कारण डावा पाय मागे असतो. आता डाव्या खांद्यावरून वार करा आणि उजवा पाय पुढेच ठेवा. पाते नेमके तुमच्या पुढच्या गुडघ्याकडे उतरते. बोथट इआइतो असताना शरीर हे खपवून घेते. हातात शिनकेन आली की मन कितीही शूर असले तरी हात गुडघ्याला ओळखतात आणि वाराच्या उत्तरार्धात पाते बाहेरच्या अंगाला, आडवे, वळवून देतात. तुमचा खळगा तेथून आला आहे, आणि ‘उजवा हात जोर लावतो’ हे तुमच्या सेन्सेईंना दिसते तेही खोटे नाही, कारण पाते वळवण्याचे काम उजवाच हात करतो. तो तुमचा पाय वाचवतो आहे. पाय तेथे आहे तोवर तुम्ही त्याला कितीही सैल राहायला सांगितले तरी तो ऐकणार नाही, आणि ऐकूही नये!

आमच्याकडे नियम साधा आहे: ज्या खांद्यावरून वार निघतो त्याच बाजूचा पाय पुढे. डाव्या खांद्यावरून वार असेल तर डावा पाय पुढे टाकायचा, म्हणजे पाते मागे राहिलेल्या उजव्या पायाच्या बाहेरून मोकळ्या जागेत जाते आणि कमरही वाराच्या दिशेने वळते. पुढचे तीन आठवडे चटईला हात लावू नका. बोक्केन, म्हणजे सरावाची लाकडी तलवार, घ्या, डावा पाय पुढे टाकत सावकाश वार करा, आणि फोन समोर ठेवून संथ गतीचे चित्रण करून पाहा. भिंतीवर पंचेचाळीस अंशांत एक पट्टी चिकटवा. बोक्केनची वाट आणि ती पट्टी समांतर दिसली पाहिजे.

काटकोन

येथे माझा मतभेद आहे. मी ज्या जुन्या परंपरेत शिकतो तेथे उजवा पाय पुढे ठेवूनही डाव्या बाजूचा वार करतात आणि तो चटई कापतो. पाय बदलणे ही अडचणीतून काढलेली पळवाट आहे. समोरचा माणूस तुमचा पाय बदलेपर्यंत थांबणार आहे का?

जुनी_वही

तो वार होतो, हे मला मान्य आहे, आणि माझ्या नियमाला कोणी वेदवाक्य मानू नये. मात्र तुमच्या परंपरेत तो वार कोठे थांबवतात ते पाहा. पाते गुडघ्याच्या वरच, कमरेच्या पातळीला थांबवण्याची शिस्त तेथे आधी अंगी बाणवली जाते, आणि वार अधिक उभा असतो. चार वर्षे हवेत वार केलेल्या आणि धारदार पात्याने मोजके वीस-पंचवीस वार केलेल्या माणसाला थेट तेथून सुरुवात करायला सांगणे मला जोखमीचे वाटते. आधी सपाट काप कसा लागतो हे हातांना कळू द्या, मग पाय हवा तसा ठेवा.

काटकोन

थांबवण्याची शिस्त आधी, हा मुद्दा मान्य. पळवाट हा शब्द मागे घेतो, मतभेद ठेवतो.

नवखा_पुणे

एक अडाणी प्रश्न. या तिरप्या वाराला केसागिरी म्हणतात ना? केसांशी संबंध आहे का? आणि माझ्याकडे ना तलवार आहे ना चटई. मी घरी काय करू शकतो? मित्र म्हणतो की घड कापून झालेल्या केळीच्या खुंटावर सराव करता येतो.

जुनी_वही

केसांशी संबंध नाही, पण संस्कृतशी आहे. बौद्ध भिक्षूंच्या काषाय वस्त्राला जपानीत ‘केसा’ म्हणतात. ते वस्त्र डाव्या खांद्यावरून उजव्या बगलेखाली जाते. समोरच्याच्या अंगावर त्या वस्त्राच्या रेषेने जाणारा वार तो केसागिरी. विरुद्ध बाजूच्या वाराला काय म्हणायचे यावर प्रत्येक शाखेचे वेगळे मत आहे, म्हणूनच या धाग्यात मी खांद्याच्या नावाने बोलतो आहे.

केळीच्या खुंटाबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. तो पाण्याने भरलेला आणि मऊ असतो, वाईट वारही त्यातून पार जातो आणि माणूस स्वतःवर खूश होतो. शिवाय त्याचा चीक पात्यावर डाग पाडतो. मुळात भारतात धारदार तलवार बाळगण्याचा प्रश्न १९५९ च्या शस्त्र कायद्याशी येऊन भिडतो, तेव्हा आधी पोलीस ठाण्यात नीट चौकशी करावी. तुम्हाला आज बोक्केन पुरेशी आहे.

बोक्केनने मूठ धरायला शिका. दोन हातांत मुठीएवढे अंतर ठेवावे, डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका घट्ट, तर्जनी आणि अंगठा जवळजवळ निवांत. याला तेनोउची म्हणतात. ओले फडके पिळतात तसे दोन्ही हात आत वळवा, असे सगळीकडे सांगितले जाते. त्यात एक खोच आहे. फडके पिळताना आपण दोन्ही हात उलट दिशांना फिरवतो, आणि ते शब्दशः केले तर मूठ फिरून हासुजी बिघडते. पिळणे म्हणजे फिरवणे नव्हे, दोन्ही तळवे मुठीच्या वर, तिच्या पाठीशी येऊ देणे, एवढेच. त्यातही घट्टपणा वाराच्या शेवटी यावा, सुरुवातीला नव्हे.

विळीवाली

विळीवर भेंडी चिरताना आपण भाजी नुसती दाबत नाही, किंचित पुढे सरकवतो, म्हणून ती सहज चिरली जाते. तलवारीलाही तसे ओढून घ्यावे लागते का?

जुनी_वही

अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलेत. धार सरकली की कापायला लागणारा दाब कमी होतो, हे तत्त्व विळीला आणि तलवारीला सारखेच लागू आहे. फरक असा की तलवारीचा मूळचा बाक आणि वाराची गोलाई मिळून हे सरकणे आपोआप घडवतात. मुद्दाम हात मागे ओढायला गेलात तर ओढ लवकर सुरू होते, पाते चटईत पूर्ण शिरण्याआधीच बाहेर निघते आणि पलीकडच्या बाजूला गवताचा एक पापुद्रा लटकत राहतो. हात पुढे जाऊ द्यावेत, ओढण्याचे काम बाकाकडे सोपवावे.

जाता जाता गिफूकरांना एक. प्रत्येक सत्राआधी मुठीतली मेकुगि, ती बांबूची खुंटी, तपासत जा. फसलेल्या वारांचा सगळा हिसका तिलाच बसतो आणि ती तुटली तर पाते मुठीतून निसटून समोरच्याकडे जाते. आणि कोणी रुंद, पातळ पात्याची खास चटई-कापू तलवार घ्यायला सुचवले तर अजून वर्षभर नको म्हणा. तिच्यात सगळ्या चुका झाकल्या जातात.

गिफूकर

दोन महिन्यांनी परत आलो आहे, उशिराबद्दल क्षमस्व. फसलेल्या वारात पात्याला आलेला बाक सेकी शहरातल्या कारागिराने काढून दिला.

तीन आठवडे रोज शंभर वार बोक्केनने केले, डावा पाय पुढे टाकून. पहिल्या आठवड्यात पायच चुकत होता. वार सुरू झाला की उजवा आपोआप पुढे धावायचा. चित्रणात आणखी एक गोष्ट दिसली, ती कोणाच्याच लक्षात आली नव्हती: डाव्या खांद्यावर तलवार नेताना माझे उजवे कोपर तोंडासमोरून आडवे जात होते आणि वार सुरू होण्याआधीच पाते तिरके झालेले असे. कोपर थोडे वर उचलल्यावर ते सुटले. सेन्सेईंना पायाबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले की काता करताना पाय जेथे शिकवला आहे तेथेच ठेवायचा, चटईसमोर मात्र बदलायला हरकत नाही.

काल चटईवर सहा वार मिळाले, सहाही डाव्या बाजूने मागून घेतले. पहिल्यात गुंडाळी कापली न जाता खुंट्यावर गर्रकन फिरली, कारण आता कमर आधी वळली आणि हात मागे राहिले. दुसऱ्यात पापुद्रा लटकला. ओढ लवकर झाली होती, हे या वेळी कोणी न सांगता कळले. तिसरा, चौथा आणि सहावा पार गेले. पाचव्यात पाते पुन्हा अडकले, आणि खाली पाहिले तर उजवा पाय पुढे होता.

सहाव्या वाराचा तुकडा घरी आणून गॅलरीत वाळत ठेवला आहे. त्यावर पट्टी टेकवून पाहिली. वार शिरला त्या बाजूपासून जवळजवळ शेवटपर्यंत पट्टीखालून उजेड दिसत नाही, पण पलीकडच्या कडेला शेवटच्या बोटभर भागात पट्टी उचलली जाते. आधीसारखा सलग बाक नाही, शेवटच्या क्षणी काहीतरी सैल पडते आहे. हे मूठ उशिरा आवळल्यामुळे होते की लवकर सोडल्यामुळे, हे जुनी_वही सांगू शकतील का?

जुनी_वही

तुकड्याच्या त्या कडेचे जवळून छायाचित्र टाका. गवताच्या काड्या सरळ कापलेल्या आहेत की खाली दुमडून तुटलेल्या आहेत, ते पाहून सांगतो.